पातळ न होणारी डाळ

धुळ्यात राहून घरखर्चाचा हिशेब वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे आणि त्यावरून एक मत पक्कं झालं आहे: हात आखडता असताना सकस खायचं, तर डाळ पातेल्यात पडण्याआधी पिठात गेली पाहिजे. खानदेशाला हे कुणी शिकवायला नको. ज्वारीत सालासकट काळे उडीद, थोडे मेथीदाणे आणि जाडं मीठ घालून गिरणीवरून जे पीठ येतं, त्याची कळण्याची भाकर इथे गावोगाव थापली जाते. प्रमाण घरागणिक वेगळं. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद हे साधारण. तिचं कौतुक मात्र भरीत-ठेच्याच्या जोडीने, चवीपुरतंच होतं. मला तिचा खरा गुण वाटपात दिसतो. महिनाअखेरीला वरणात पाणी वाढतं, आणि ते सगळ्यांत जास्त कुणाच्या वाटीत जातं हे सांगायला नको. शेवटी जेवायला बसते तिच्या. पिठात दळलेल्या उडदाला अशी काटछाट करता येत नाही. पहिल्या भाकरीत जेवढा उडीद, तेवढाच शेवटच्या भाकरीत.

आकडे मांडून पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात, अख्ख्या उडदात २२ च्या आसपास. चारास एक या मिश्रणात ती १२ वर जातात. दिवसाला चार भाकरी, म्हणजे अंदाजे ३०० ग्रॅम पीठ धरलं, तर ३७ ग्रॅम प्रथिनं भाकरीतूनच मिळाली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ५५ किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे ४६ ग्रॅम लागतात. उरलेली भर मूठभर शेंगदाण्याचा कूट जवळजवळ घालतो, आणि कूट नसलेली भाजी खानदेशात शोधावीच लागेल. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते.

पहिला आक्षेप भावाचा आहे आणि तो खरा आहे. ज्वारी हे आता गरिबाचं स्वस्त धान्य राहिलेलं नाही. २०२४-२५ च्या खरिपात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता, उडदाचा ७,४०० आणि त्याच वर्षी पेरलेल्या गव्हाचा २,४२५. दादर ज्वारीला तर बाजारात मागणीच वेगळी. त्यात रेशनवर गहू-तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो. मग ज्वारी का विकत घ्यायची? मात्र प्राधान्य कुटुंबाला ते धान्य माणशी महिन्याला ५ किलो मिळतं, म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याचं त्यात भागत नाही. पुढचं धान्य विकतच आणावं लागतं. माझं म्हणणं या विकतच्या भागापुरतं आहे. तिथे ज्वारी झेपत नसेल तर बाजरी आहे: त्याच हंगामात तिचा हमीभाव २,६२५ होता, आणि साक्री-शिंदखेड्याच्या हलक्या जमिनीत ती येते. तेही नको असेल तर रेशनच्याच गव्हात उडीद किंवा हरभरा दळावा. खानदेशी जिभेला ती पोळी रुचणार नाही, पण तत्त्व तेच राहतं. अन्न सुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात भरड धान्याचा दर किलोला १ रुपया असा नमूदच होता. ते धान्य दुकानात नेमाने आलं असतं तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

खानदेशी जेवण म्हणजे तेल आणि तिखट, ते कसलं सकस, असंही म्हणतात. ही कीर्ती महामार्गावरच्या हॉटेलांतल्या शेवभाजीची आहे. ती मीही आवडीने खाते, पण ते रोजचं जेवण नव्हे.

भाकरीने सगळं भागतं असा दावा मात्र मी करणार नाही. धान्य-कडधान्यातलं लोह शरीरात सहज मुरत नाही, त्यातली फायटेटं आड येतात. जेवताना लिंबू पिळलं की ते बरंच सुधारतं. कच्ची मेथी, कांदा आणि कूट यांचा घोळाणा याच कामाचा, आणि बाजार उठायच्या वेळी पालेभाजीची जुडी निम्म्या भावात मिळते. बी-१२ जीवनसत्त्वाला मात्र धान्यात किंवा भाजीत पर्याय नाही. त्यासाठी दूध, दही किंवा अंडं लागतंच. पैसे वाचवायचे ते चहाची साखर, बिस्किटाचे पुडे आणि संध्याकाळच्या फरसाणातून वाचवावेत आणि इथे घालावेत.

सगळ्यांत अवघड आक्षेप कष्टाचा. भाकरीला वेळ लागतो, हात लागतो आणि ती थापणारी बहुधा दिवसभर बाहेर राबून आलेली असते. स्वस्त आणि सकस अन्नाचे सल्ले देणारे हा खर्च शून्य धरतात, ते मला मान्य नाही. उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याचं पीठ बरं मळलं जातं आणि सकाळची भाकर संध्याकाळी तेल-ठेच्याशी चालते, एवढाच काय तो दिलासा. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडवट होतं, म्हणजे गिरणीच्या फेऱ्याही वाढल्या. या फेऱ्या मारायला आणि उडीद निवडायला भाकर थापता येण्याची अट नाही. निदान ही दोन कामं घरातल्या पुरुषांना करता येतात.