जमिनीची गवाही

मनीषनगरात माझ्या धाकट्या भावाची कार उभ्या ऑटोवर आदळली. ऑटोवाल्या चाचांचा पाय मोडला. "आपा, गाडी तीसवर होती," भाऊ म्हणाला. घरच्यांना पटले. मला मात्र रस्त्यावरचे काळे पट्टे छळत राहिले.

वर्गात मी संवेग आणि घर्षण शिकवते. घर्षणाला उर्दूत आम्ही रगड म्हणतो. एकमेकांत अडकलेली दोन्ही वाहने जाम चाकांनी १० मीटर घसरली होती. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक साधारण ०.७, गुरुत्वत्वरण ९.८. या दोन्हींना अंतराने गुणून दुप्पट केले, १३७.२ आले. वर्गमूळ ११.७, म्हणजे धडकेनंतरचा वेग ताशी ४२ किलोमीटर. कार १२०० किलो, ऑटो ४००. धडकेआधीचा सारा संवेग एकट्या कारचा. म्हणून ४२ गुणिले १६००, भागिले १२००. उत्तर ५६. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण वेग तीस असता तर वाहने ३ मीटरांतच थांबली असती.

कयामतच्या दिवशी जमीन बोलेल, असे अब्बा सांगत. गवाही आपल्या माणसाविरुद्ध असली तरी द्यावी, हेही त्यांनीच शिकवले. कागद भावापुढे ठेवला. तो बराच वेळ गप्प होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. "चाचा, गाडी पन्नासच्या वर होती. गलती माझी," भाऊच म्हणाला.