लाल त्रिकोणाच्या गोष्टी

"काहीतरी हलकंफुलकं आण गं वाचायला," ती फोनवर म्हणाली, तेव्हा मी काउंटरवर कर्जत-३ भाताच्या बियाण्याच्या पिशव्या मोजत होते. "आणते की," म्हटलं आणि फोन ठेवला. आपण काय कबूल करून बसलोय ते रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

चौकला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्या धंद्यात हलकं म्हणजे टाकाऊ. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भाताचं बी ओतायचं. वर तरंगेल ते पोचट, काढून टाकायचं. तळाला बसेल ते धुऊन, सुकवून, थायरम चोळून पेरायचं. दर मे-जूनमध्ये मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे पाठ म्हणून दाखवते. आता मला बरोब्बर उलटं करायचं होतं. तरंगेल तेवढंच उचलायचं होतं, आणि पुस्तकं तरंगतात की बुडतात हे बघायला मिठाचं पाणी नव्हतं.

ती आणि मी कर्जतला शाळेत एका बाकावर. पुढे ती मराठीची शिक्षिका झाली, मी लग्न करून चौकला आले आणि बारावीनंतर एकही गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नाही. वाचायचं काम तिचं, ऐकायचं माझं, अशी आमची वाटणी. यंदा मेमध्ये तिच्या छातीतली गाठ काढली. मग खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये केमो सुरू झाली. आधी चार डोस लाल औषधाचे, दर २१ दिवसांनी. त्यानंतर दुसऱ्या औषधाचे बारा, दर आठवड्याला. कर्जतहून खारघरला जाताना त्यांची गाडी चौकवरूनच जाते. भाऊजी दुकानासमोर दोन मिनिटं थांबवायचे, मी खिडकीतून तिचा हात दाबायचे आणि काय बोलावं ते न सुचून पावसापाण्याचं बोलायचे.

पुस्तकं घरात नव्हती असं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण एक घेऊन यायचा. कॅन्सरवर मात केलेल्यांची आत्मचरित्रं, सकारात्मक विचारांची इंग्रजीतून आणलेली पुस्तकं, दोन पोथ्या. "सगळे मला हिंमत देतायत," ती म्हणाली. "इतकी हिंमत ठेवायला जागा नाहीये घरात. तू वाचत नाहीस ना, म्हणून तुला सांगतेय. तुला कुठलं चांगलं नि कुठलं वाईट हे ठाऊकच नाही." हे कौतुक होतं असं मी धरून चालले.

पहिला प्रयत्न फसला. एका वाचनालयातून चिं. वि. जोशींचं चिमणरावाचं जुनं पुस्तक काढून आणलं, कापडी बांधणीचं. चिमणराव मला माहीत होता तो टीव्हीवरचा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. शेजाऱ्यांच्या घरी ओटीवर दाटीवाटीने बसून आम्ही दोघींनी तो पाहिला होता, म्हणून तेच निवडलं. जुलै महिना, कर्जतचा पाऊस, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेलं. तिच्या लेकीनं दारातच हातात घेतलं, उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, बुरशी आहे याला." पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला करडे ठिपके होते, कडेला कसर लागलेली. डोस झाल्यावर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधी बुरशीही अंगाशी येऊ शकते. त्यामुळे दमट, जुनं, धूळ बसलेलं काहीही तिच्या खोलीत न्यायचं नाही, फुलंसुद्धा नाहीत. दिवसभर बुरशीनाशक विकणारी बाई मी, आणि मला दिसली नव्हती! पुस्तक पायरीवरूनच परत गेलं.

मग कोरी आणायची ठरवलं. माल आणायला पनवेलला गेले तेव्हा एका दुकानात शिरले. आजारी माणसासाठी हवंय म्हटल्यावर तिथल्या पोरानं मला थेट आरोग्याच्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. विनोदी हवंय म्हटल्यावर त्यानं 'एक हजार एक विनोद' छापाचं काहीतरी पुढे केलं. तेही घेतलं. त्याशिवाय पु. लं.ची 'व्यक्ती आणि वल्ली', 'बटाट्याची चाळ', 'हसवणूक', चिमणराव, आणि मिरासदारांचं 'माझ्या बापाची पेंड'. हे शेवटचं निव्वळ नावावरून. पेंड आम्हीही विकतो.

देण्याआधी आपण एकदा चाळावं असं मनात आलं, आणि तिथे माझी खरी पंचाईत सुरू झाली.

'व्यक्ती आणि वल्ली' विनोदी असं जन्मभर ऐकलं होतं. अंतू बर्व्यापाशी मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले, युरिया न्यायला आलेला माणूस दचकला. चार पानं पुढे गेले तर घशात आवंढा. बायको गेलेली, मुलगा मुंबईला, रत्नागिरीत एकटा म्हातारा. पुढे नंदा प्रधान आला, तो तर हसवायच्या भानगडीतही पडत नाही. हे पुस्तक तिच्या उशाशी ठेवायचं? या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालाय हे नंतर तिनंच सांगितलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की बाटलीवर लेबल एक आणि आत औषध दुसरं.

लेबलावरून सुचलं. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. पोराच्या कंपासपेटीतल्या रंगीत पेन्सिली घेतल्या आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक गोष्टीपुढे त्रिकोण काढत गेले. मरण किंवा एकटेपण असेल तर लाल. डॉक्टर, इस्पितळ, दुखणं असेल तर पिवळा. निळा खाण्यापिण्याला. लाल औषधाच्या आठवड्यात शेजारच्या फोडणीचा वास आला तरी ती खिडकी लावून घ्यायला सांगायची, आणि सुकट भाजली तर सगळं घर पालथं. हिरवा म्हणजे बिनधोक.

आठ रात्री जागले. मराठी विनोदातून जेवण काढलं तर मागे फारसं काही राहत नाही, हा माझा शोध. 'हसवणूक'मधल्या 'माझे खाद्यजीवन'ला निळा त्रिकोण काढून वर दोनदा गिरवला. मध्येच केसांवरचे, टकलावरचे विनोद निघाले, त्यांना कुठला रंग द्यायचा कळेना. तिचे केस दुसऱ्या डोसच्या आधीच गेले होते. त्या पानांना कोपरा दुमडून ठेवला. हिरवे त्रिकोण शेवटी चिमणरावाच्याच पुस्तकात बरेचसे जमले. त्याच्या अडचणी घरगुती, माणसं भाबडी, आणि गुंड्याभाऊ मदतीला आला की अडचण दुप्पट. हे लिहिणारा माणूस बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचा, बौद्ध वाङ्मयाचा मोठा अभ्यासक, हेही मला तिच्याकडूनच कळलं. मी तोवर त्यांना एखादे गमतीदार कारकून समजत होते.

त्रिकोण खोडून मगच पुस्तकं द्यायची होती. पण तिसऱ्या डोसच्या सकाळी गाडी अचानक लवकर आली आणि मी पिशवी तशीच खिडकीतून आत दिली.

दोन दिवसांनी रात्री दहाला फोन. पलीकडून नुसता हुंदक्यासारखा आवाज. माझे हातपाय गार. मग कळलं की ती हसतेय, आणि हसताना कळवळतेय, कारण तोंडात फोड आले होते. "भवाने," शब्द फुटत नव्हते तिला, "अंतू बर्व्याला लाल त्रिकोण? अगं, मी त्याला एन्ड्रिन नाही मारणार!" मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "गप. हिरव्या मला पाठ आहेत. लाल आधी वाचणार आहे. तू माझ्यापासून काय काय लपवत होतीस ते बघते."

आणि वाचल्या तिनं सगळ्या लाल. मला ते अजूनही पटलेलं नाही. मी रंग बदललेले नाहीत.

बाकीच्या गोष्टी हळूहळू समजत गेल्या, आणि त्या पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी फारशा संबंधित नव्हत्या. तिला एका बैठकीत तीन-चार पानांपुढे जमत नाही. कोण कुणाचा मेव्हणा हे पान उलटेपर्यंत विसरायला होतं. कादंबरी म्हणून बाद. जाड पुस्तक बाद, कारण ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर भार द्यायचा नाही. विनोदांचा संग्रह तिनं एका दुपारीच परत केला. चुरमुरे खाऊन पोट भरत नाही म्हणाली. लेकीनं स्वतःच्या लहानपणचा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढून दिला, टाइप मोठा, प्रकरणं छोटी, तो चालला. मिरासदारही चालले. पेंडीबद्दल मी धंद्याच्या दृष्टीनं काही शंका काढल्या, त्यांच्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

आठवड्याचे डोस सुरू झाल्यावर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. पान सुटं होईना. मग वाचायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी दुकान बंद करून कर्जतला जाते, हात धुते, मास्क लावते आणि वाचते. माझं वाचन खताच्या गोणीवरचा मजकूर वाचल्यासारखं. ती डोळे मिटून पडलेली असते आणि मध्येच म्हणते, "थांब तिथे. श्वास घे. आता पुढचं वाक्य." पस्तीस वर्षांपूर्वी शाळेत हेच चालायचं.

मागच्या महिन्यात 'बटाट्याची चाळ'मधला 'उपवास' वाचत होते. माणूस वजन उतरवायचं ठरवतो आणि अख्खी चाळ त्याला काय खावं, काय सोडावं ते सांगायला येते. मी त्याला निळा त्रिकोण दिला होता, पण आता तिला खाण्याचं ऐकवतं की नाही ते बघू म्हटलं. अर्ध्यावर असताना शेजारच्या काकू आल्या, हातात झाकलेलं भांडं. गव्हांकुरांचा रस. याआधी त्यांनी गुळवेल आणली होती, त्याआधी बिटाचा रस, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही म्हणून भाऊजींनी दोन्ही वेळा गोड बोलून ते बाजूला ठेवलं होतं. काकू खुर्चीत बसल्या. "वाच वाच, मीही ऐकते." मी वाचत राहिले. चाळीतला एकेक जण सल्ला देत होता. मला वर बघायची हिंमत होईना. पलंगावरून खुदखुद सुरू झाली, मग लेक उठून स्वयंपाकघरात पळाली. शेवटी काकूच पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. "कशी गं माणसं असतात एकेक! ज्याला त्याला आपलं सांगायची हौस." आणि भांडं पुढे सरकवून म्हणाल्या, "हे मात्र उपाशीपोटी घे हं."

तिला त्या दिवशी इतकं हसू आलं की मला पुस्तक मिटावं लागलं. त्यात पु. लं.चं किती आणि काकूंचं किती, हे मी सांगू शकत नाही.

बारापैकी आठ डोस झाले, चार उरलेत. पुस्तकं मात्र संपत आलीत. चिमणराव दुसऱ्यांदा चालू आहे. शंकर पाटलांच्या कथांचं पुस्तक आणलंय, त्याचे त्रिकोण अजून व्हायचेत. हे काम आता मी तिच्या हुकमानं करते. वाचणाऱ्यांपैकी कुणाला पुढचं काही ठाऊक असेल तर कळवा. प्रत कोरी हवी, पानं दीडशेच्या आत, टाइप मोठा, एकेक गोष्ट पंधरा मिनिटांत संपणारी. गोष्टीत माणूस मेला तरी चालेल, असं तिनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. उपदेश नको. आणि जेवणाच्या पंगती अजून महिनाभर तरी नकोत, हे माझं.