एकामागे एक

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या रानात चालताना दम लागत नाही. चढ नाही, कडा नाही, हातापायांवर रांगायचं नाही. सह्याद्रीत घोटे झिजवलेल्या माणसाला हे चालणं सुरुवातीला आळणी वाटतं. मलाही वाटलं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला पंधरा-सोळा किलोमीटरवर ‘वनवैभव’ लागतं. सगळं मिळून सहा हेक्टरांचं रान. १९५३ पासून ते जसंच्या तसं राखलेलं आहे आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. सहा हेक्टर म्हणजे जेमतेम पंधरा एकर! आमच्या गावाकडे एवढा तर एकेकाचा ऊस असतो. पण आत शिरल्यावर हिशेबच बदलतो, कारण इथलं रान आडवं पसरलेलं नाही, ते वर गेलेलं आहे. साग, बिजा, ऐन. मान मागे टाकून मी शेंडे शोधत होतो.

“वर कायले पायता जी? खाली पाहून चाला,” सोबतचा वनमजूर म्हणाला. त्याच्या पायात रबरी चप्पल, माझ्या पायात नवेकोरे ट्रेकिंगचे बूट. अर्थातच घसरलो मी.

घसरलो ते सागाच्या पानांवर. सुपाएवढी पानं, पापडासारखी वाळलेली. पाय पडला की सगळ्या रानाला बातमी जाते. बसल्या जागी एक पान हाती आलं. किड्यांनी त्यातला हिरवा गर कधीचाच खाऊन टाकला होता, उरली होती नुसती शिरांची जाळी. मी ते डोळ्यांसमोर धरलं. त्या जाळीतून वनमजूर दिसत होता, मिश्कील हसत, तंबाखू मळत.

या सागाची ख्याती फार लांबवर गेलेली. २०२३ साली बल्लारपूरहून इकडचा साग वाजतगाजत अयोध्येला रवाना झाला, राममंदिराच्या दारांसाठी. आणि इथून दक्षिणेला, सिरोंच्याजवळ वडधमला, झाडांचे चक्क दगड झालेले आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे बुंधे. एकाच जिल्ह्यात झाडाचं दारही होतं आणि शिळाही.

वाट मात्र एका पावलाएवढीच रुंद. पावलापुढे पाऊल टाकावं, तेवढीच. शेजारी दुसरा मावत नाही. बोलायचं तर पुढच्याच्या पाठीशी बोलायचं. खडा आला की ती वळते, वारूळ आलं की वळसा घेते, पडलेलं खोड आलं की त्याला मान देऊन बाजूने जाते. ही काही कुणी आखलेली नाही.

वाटेवरून आठवलं, भामरागडकडच्या हेमलकशाची गोष्ट सांगताना आपण नेहमी म्हणतो, तिथे वाटच नव्हती. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, मग त्यांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून मंदाताई तिथे राहायला गेले, झाडाखाली दवाखाना मांडला. त्या माणसांचं धाडस मोठं, त्याबद्दल दुमत नाही. पण वाट नव्हती ती आपल्याला. जीप जाईल अशी नव्हती. तिथल्या माडिया आदिवासींच्या वाटा होत्याच, गावातून गावाकडे, नदीच्या उताराकडे, मोहाच्या झाडाकडे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड अजूनही तुटतं, म्हणजे सडकेवरून तुटतं.

वनवैभवातून बाहेर पडून सडकेच्या कडेकडेने पुढे गेलो, तर मोहाचा वास आला. गोड, जडसर, किंचित आंबूस. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी, साफ केलेली, त्यावर पहाटेपासून फुलं पडलेली. एक उचलून पाहिलं: पिवळट, मांसल, मधे पोकळ, ओल्या मण्यासारखं. वाळलं की त्याचा मनुका होतो. दोन बायका वाकून वेचत होत्या, पाटी निम्मी भरलेली. पाचोळा जाळण्यावरून वनखात्याची कुरकुर असते, कारण वणवा असाही पेटतो. वनमजूर त्या काळ्या जमिनीकडे पाहून काहीच बोलला नाही. बायकांना फक्त “जोहार” म्हणाला.

थोड्या वेळाने त्या पाट्या डोक्यावर घेऊन निघाल्या, सोबत एक पोरगी आणि काठी टेकणारी म्हातारी. आमचीही वेळ झाली होती. त्या सडकेवर आल्या. चांगली रुंद डांबरी सडक, दोन्ही बाजूंनी मोकळी, बस सकाळीच गेलेली. चौघी हातात हात घालून चालल्या असत्या तरी जागा उरली असती.

पण त्या एकामागे एक चालत होत्या. पुढे म्हातारी, तिच्या मागे पोरगी, मागे दोन पाट्या. डांबराच्या कडेला, एका पावलाएवढ्या पट्ट्यात.

मी वनमजुराच्या शेजारी चालत काहीतरी विचारत होतो. विचारायचं अर्धवट राहिलं. मी एक पाऊल मागे झालो आणि त्याच्या रबरी चपलेच्या ठशांमागे चालू लागलो.