बिनखिळ्याच्या भिंती

सरकारी निवासस्थान रिकामे करून देताना जो नमुना भरावा लागतो, त्यात नळांना रकाना आहे, विजेच्या बटणांना आहे, कड्याकोयंड्यांना आहे, खिडक्यांच्या काचांनाही आहे. भिंतींना मात्र नाही. बंगळूरच्या एका केंद्रीय कचेरीत निवासस्थानांच्या टेबलावर बसून हा नमुना आम्ही गेली नऊ वर्षे भरून घेत आहो, आणि हे वैगुण्य आमच्याखेरीज आणखी कोणास खुपल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आम्हांस ते का खुपते, हे सांगायचे तर वाचकांस आमच्याबरोबर जालहळ्ळीच्या कामगार वसाहतीत यावे लागेल.

स्वातंत्र्य मिळून सहा वर्षे होत होती, तेव्हा, म्हणजे १९५३ साली, यंत्रे बनविणारी यंत्रे देशातच व्हावीत म्हणून सरकारने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरच्या उत्तरेस जालहळ्ळी येथे हिंदुस्तान मशीन टूल्सचा कारखाना काढला. पुढे १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तेथेच मनगटी घड्याळे होऊ लागली. एच.एम.टी. ही तीन अक्षरे घराघरांत गेली ती या घड्याळांमुळे. आमचे वडील निपाणीचे. औद्योगिक शाळेतून फिटरचे प्रमाणपत्र घेऊन ते १९७९ साली या घड्याळांच्या कारखान्यात लागले, आणि १९८४ साली त्यांना वसाहतीत क्वार्टर मिळाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे दोरी बांधण्यापुरते अंगण. आमचा जन्म १९८८ चा. म्हणजे ते घर आमच्याहून चार वर्षांनी वडील होते, आणि आम्ही त्याला तसाच मान देत असू.

आमच्या ओळीत शेजारी पालघाटचे, पलीकडे सेलमचे, समोर कोलारचे आणि कोपऱ्यावर गुंटूरचे कुटुंब. आम्ही पाच वर्षांचे होईतो आमची अशी पक्की समजूत होती की प्रत्येक घरास एक खाजगी भाषा असते, आणि बाहेर पडताना चपलांबरोबर कन्नड घालायचे असते. मराठी ही आमच्या दोन खोल्यांत बोलण्याची भाषा आहे, ती याखेरीज आणखी कोठे बोलतात, हा शोध आम्हांस उन्हाळ्याच्या सुटीत निपाणीच्या मोटार-थांब्यावर उतरल्यावर लागला. तेथे हमालसुद्धा आमच्या घरातले बोलत होता. आम्हांस ते थोडे आगाऊपणाचे वाटले.

कारखान्याचा भोंगा झाला की सारी वसाहत हले. सकाळच्या भोंग्याला सायकली निघत, संध्याकाळच्या भोंग्याला आमचे खेळ मोडत. जेथे घरटी दोन-तीन घड्याळे होती, तेथे वेळ पाहण्यासाठी घड्याळाकडे कोणी फारसे बघत नसे, ही गंमत आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

आता खिळ्याकडे वळतो. आमच्या वडिलांनी त्या घराच्या भिंतीस एकही खिळा कधी मारू दिला नाही. आमच्या ओळीतल्या इतर घरांत हे बंधन कोणी पाळीत असल्याचे आम्हांस स्मरत नाही. पालघाटकरांच्या भिंतीवर बारा देव ओळीने लटकत होते आणि बाराव्याच्या खाली छत्री. आमच्या घरी मात्र पंढरीचा विठोबा कपाटाच्या माथ्यावर पाठ टेकून उभा असे. आजोबांची तसबीर रेडिओच्या मागे, म्हणजे रेडिओ लागला की बातम्या आजोबा देत आहेत असे वाटे. दिनदर्शिका खिडकीच्या गजास सुतळीने बांधलेली. आरसा फळीवर ठेवलेला, आणि ती फळी आईच्या उंचीची. त्यामुळे आम्ही आणि आमची धाकटी बहीण स्टुलावर चढून भांग पाडावयास शिकलो.

आईचा आणि वडिलांचा या प्रश्नावर दर दिवाळीस खटका उडे.

“येक खिळा मारल्यानं कंपनी बुडती व्हय?” आई म्हणे.

“भिंत आपली न्हवं,” वडील म्हणत, आणि वाद तेथेच संपे. कारण हे वाक्य खोटे आहे असे आईसही म्हणता येत नसे.

एकदा ते कारखान्यात गेलेले असताना आईने पालघाटकरांची हातोडी उसनी आणल्याचे आम्ही पाहिले आहे. ती दुपारभर ओट्यावर पडून होती. भोंग्याच्या आधी आईने ती परत केली.

वडिलांचा हा हट्ट केवळ भिडस्तपणाचा होता असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. त्यांच्या कामाचाही त्यात वाटा असावा, असे आता वाटते. घड्याळाच्या आतील इवलीशी दातेरी चक्रे ज्या यंत्रांवर होत, ती यंत्रे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या चक्रांचे दात भिंगातून तपासावे लागत. दातावर नजरेस न दिसणारी कूस राहिली तरी तो नग बाद. ज्या माणसाने आठ तास असल्या हिशेबात घालविले, त्यास भिंतीत ठोकलेला तीन इंची खिळा म्हणजे केवढा उत्पात वाटत असेल!

रात्री जेवणे झाली की ते मनगटावरचे ‘जनता’ काढून त्यास चावी देत. चावी देण्याची वेळ ठरलेली, फेरेही ठरलेले. मग ते घड्याळ आमच्या कानास लावीत आणि म्हणत, “मोज.” सतरा ज्युवेलचे ते घड्याळ सेकंदास पाच ठोके टाकी, तासाचे अठरा हजार होतात. आम्ही एक-दोन-तीन म्हणेतो ठोके पुढे निघून जात. बहीण रडकुंडीस येई, आम्ही बारा-पंधरांपर्यंत नेटाने पळत असू. जिंकणे शक्य नव्हते, तरी दुसऱ्या रात्री आम्ही पुन्हा कान पुढे करीत असू. वडील हसत. ते हसत अशा ज्या मोजक्या जागा आम्हांस ठाऊक आहेत, त्यांतील ही एक.

निपाणीस आमची ओळख ‘घड्याळवाल्यांची पोरं’ अशी होती. लग्नात जावयास घड्याळ, मॅट्रिक झालेल्या भाच्यास घड्याळ. सुटीस निघताना वडिलांच्या खिशात कोणाकोणाच्या मागण्यांची यादी असे. १९९५ नंतर ती यादी आखूड होत गेली. चावीची घड्याळे मागे पडत होती, सेलवर चालणारी हलकी घड्याळे लोकांस आवडू लागली होती. आम्हांस व्यापारातले कळत नव्हते. यादी आखूड झाली की पिशवी हलकी होते, एवढे कळत होते.

आणि येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. इयत्ता सहावीत असताना मॅजेस्टिकच्या पदपथावरून आम्ही साठवलेल्या चाळीस रुपयांत एक घड्याळ घेतले. त्यास काटे नव्हते, आकडे होते. बटण दाबले की हिरवा उजेड पडे. आठ दिवस ते आम्ही मोज्यात लपवून शाळेत नेले. नवव्या दिवशी जेवणाच्या पानावर ते आमच्या खिशात वाजले. वडिलांनी हात पुढे केला. मार बसेल, किमान व्याख्यान तरी ऐकावे लागेल, म्हणून आम्ही मान खाली घातली. त्यांनी हात धुतले, आपला बारीक स्क्रू-पिळा आणला, पाठीचे झाकण काढले आणि दिव्याखाली धरून ते बराच वेळ आत पाहत राहिले. आत पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. मग झाकण लावून त्यांनी ते परत दिले. “बरं हाय,” एवढेच म्हणाले. त्या रात्री त्यांनी ‘जनता’स चावी दिली, पण कानास लावले नाही. आम्ही ते हिरव्या उजेडाचे घड्याळ पुढे कधी वापरले नाही. पण त्यास आता काय अर्थ?

वर्षातून एकदा, गणेशोत्सवात, आम्ही सारे बस करून गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात जात असू. एका वर्षी तेथल्या वक्त्याने बंगळूरवर मराठी माणसाचा हक्क किती जुना आहे हे मोठ्या आवेशाने सांगितले. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले, ते शहाजीराजांस जहागीर मिळाले, राजांचा येथे वाडा होता, इत्यादी. टाळ्या झाल्या. आम्हीही जोराने वाजविल्या. शाळेतल्या दोघातिघांस हे सुनावण्याचा आमचा बेत होता. परतीच्या बसमध्ये वडील बराच वेळ गप्प होते. यशवंतपूर मागे पडल्यावर म्हणाले, “जहागीर म्हंजे क्वार्टरच की. त्यास्नी बी सोडावंच लागलं.” इतिहासाची इतकी थोडक्यात उजळणी आम्ही पुढे पदवीच्या वर्गातही ऐकली नाही. शहाजीराजांचा अंत १६६४ मध्ये चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे झाला, आणि १६८७ मध्ये बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले ते कायमचेच.

आमचे क्वार्टर गेले २००५ साली. त्याच्या आदल्या वर्षी वडिलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मिळालेल्या पैशांतून दासरहळ्ळीस एक लहानशी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या, आणि सामान हलविण्याचा दिवस ठरला. सामान गेल्यावर वडिलांनी सारे घर धुतले. मग ओले फडके पिळून ते भिंती पुसू लागले. एकवीस वर्षांत चुना चारदा झाला असेल; तरी त्यांनी भिंती वरपासून खालपर्यंत पुसल्या, आणि आम्हांस बोलावून म्हणाले, “बघ, येक भोक न्हाई.” खरोखरच नव्हते. तेथे कोणी राहून गेले होते याचीच काही खूण नव्हती. आम्ही सतरा वर्षांचे होतो, आणि एवढ्या स्वच्छ भिंतींकडे पाहून आमच्या पोटात खड्डा का पडला हे तेव्हा आम्हांस सांगता आले नसते.

ताबा घेण्यास आलेला तपासनीस तरुण होता आणि स्वभावाने चांगला होता. त्याने नळ सोडून पाहिले, बटणे मोजली, दाराची कडी लावून काढली, कागदावर खुणा केल्या आणि सहीसाठी कागद पुढे केला. पाच मिनिटेही लागली नाहीत. वडिलांनी पेन हातात घेतले, पण सही केली नाही.

“सार, गोडे नोडलिल्लवल्ला?” त्यांनी विचारले. साहेब, भिंती पाहिल्या नाहीत.

“गोडे एन् नोडोदु?” तो हसून म्हणाला. भिंतीत काय पाहायचे?

वडिलांनी सही केली. चावी दिली. सायकलला किल्ली लावली, आणि दासरहळ्ळीपर्यंत ती हातात धरून चालत नेली. आम्ही मागून चाललो. वाटेत एक शब्दही झाला नाही.

नव्या घरी आईने पहिल्याच दिवशी सात खिळे ठोकले. विठोबा, आजोबा, आरसा, दिनदर्शिका, आणखी काय काय. प्रत्येक ठोक्यास वडिलांचा खांदा किंचित हलत होता. तिसऱ्या खिळ्यास ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढचे सर्वांस माहीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची कंपनी बंद करण्यास संमती दिली. आई ते ऐकून काही बोलली नाही. दिवाळीचे तिचे ते जुने वाक्य आम्हां सर्वांसच आठवले असेल. २०२४ साली तर कर्नाटकाच्या वनखात्याने जुन्या राखीव जंगलाचा दाखला पुढे करून कारखान्याच्या तेथल्या जमिनीवर हक्क सांगितला, आणि केंद्राकडून त्यास हरकत घेतली गेली. भिंत आमची नव्हती, हे आम्हांस बाळपणापासून ठाऊक होते. पण ती ज्यांची म्हणून आम्ही जपली, त्यांच्याखालच्या जमिनीचाही असा वाद निघेल असे वाटले नव्हते. हे वर्तमान आम्ही वडिलांस वाचून दाखविले. “झाडं व्हती खरी पुष्कळ,” ते म्हणाले.

कंपनीने जालहळ्ळीत एक संग्रहालय केले आहे. गेल्या वर्षी आम्ही वडिलांस तेथे घेऊन गेलो. जुनी घड्याळे काचेत मांडली आहेत, भिंतींवर छायाचित्रे आहेत. वडील प्रत्येक छायाचित्रापाशी थांबत होते. आम्ही समजलो, ओळखीचे चेहरे शोधीत असतील. मग पाहिले तर ते चौकटीच्या कडेतून मागे डोकावत होते.

आता आमच्या टेबलाकडे. गेल्या महिन्यात एक निवृत्त चपराशी निवासस्थानाचा ताबा देणार होते. त्यांस वेळेत जागा सोडण्याची सूचना आमच्याच हातची होती, दोनदा गेलेली. ताबा घेण्यास वस्तुतः आम्ही जाण्याचे कारण नसते. त्या दिवशी गेलो. अभियंत्याबरोबरच्या मुलाने नळ पाहिले, बटणे मोजली. म्हातारबाबा दारात टोपी हातात घेऊन उभे होते. खोल्या रिकाम्या होत्या आणि भिंतींवर खिळेच खिळे होते. आम्ही मोजले, एकतीस भरले. एकाखाली लेकरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकाभोवती उदबत्तीच्या धुराचे काळे वर्तुळ.

“साहेब, खिळे काढायचे राहिले,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “आता काढतो.”

आम्ही राहू द्या म्हटले. नमुन्यात तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी असतात. त्या बहुधा कोऱ्याच जातात. तेथे आम्ही लिहिले, ‘भिंती पाहिल्या’, आणि खाली सही केली.