माझा विरोध मी मागे घेतो

अभ्यासक्रमाच्या एका बैठकीत वार्धक्यावर स्वतंत्र पेपर ठेवायचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांत जास्त विरोध मी केला. मी समाजशास्त्राचा प्राध्यापक, वसमत तालुक्यात वाढलेला. आपल्याकडं म्हातारी माणसं घरातच असतात, नातवंडं सांभाळतात, त्याचं शास्त्र कशाला, असं बोललो. पेपर बारगळला.

२०१७-१८ मध्ये देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांपुढच्या माणसांची, त्यांच्या जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक जणांची, पाहणी केली होती. हाताची पकड यंत्रानं मोजली, चार मीटर चालायला लागणारा वेळ घेतला, दहा शब्द ऐकवून थोड्या वेळानं पुन्हा विचारले. तो अहवालही मी वरवर चाळून बाजूला ठेवला. पकड मोजून काय कळणार?

पुढं मायचा रक्तदाब काही केल्या उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवत होते, मी वेळेवर आणून देत होतो. एके दिवशी तिच्या लुगड्यांच्या ट्रंकेत पाकिटं सापडली, जवळपास सगळी भरलेली. दोन-तीन गोळ्यांवरचा चंदेरी कागद दातांनी कुरतडला होता. हळदीच्या हंगामात दिवसदिवस ओले कंद हातांनी मोडणारी माझी माय, तिला एक गोळी दाबून बाहेर काढता येत नव्हती.

"बोटांत जोरच ऱ्हायला नाही बापू," ती म्हणाली. "तू दमून येतूस, तुला कशाला सांगू?"

आम्ही एकाच घरात राहत होतो, तरी मला कळलं नाही. शिवाय गावात आमच्यासारखी घरं तरी किती? दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कितीतरी उंबऱ्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरं एवढीच उरतात. त्यांच्या गोळ्या कोण बघतं? हे मला ठाऊक होतं, तरी बैठकीत मी त्यातलं काहीच बोललो नाही, याची आज लाज वाटते.

२०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, हिंगोलीत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले विद्यार्थी आणि आमचे समाजशास्त्राचे विद्यार्थी एकत्र गावात जाऊ शकतात. मी पेपरचा प्रस्ताव पुन्हा लिहिलाय, या वेळी माझ्या सहीनं. पहिलं प्रात्यक्षिक असं ठेवलंय: घरी जायचं, आजीसमोर बसायचं आणि ती औषधाचं पाकीट कसं उघडते ते न बोलता बघायचं.