अंगणातलं कणीस, सावलीतलं परळ

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हापायी जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत जमावबंदीचा आदेश काढावा लागला. अशा दिवसांत माणसं खिडक्यांना ओले पडदे लावून, कूलरपुढे बसून दुपार काढतात. चिमणीला, होल्याला, बुलबुलाला ती सोय नसते. पाखराच्या अंगाचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंश असतं आणि त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा त्याच्या अंगापेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो: चोच उघडी ठेवून धापा टाकायच्या, गळ्याची कातडी थरथरवायची आणि शरीरातलं पाणी वाफ करून हवेत सोडायचं. अमरावती-अकोल्याच्या उन्हात दुपारी एकच्या सुमाराला निंबाच्या फांदीवर पंख किंचित फाकवून, चोच वासून बसलेली साळुंकी दिसते ती याच खटपटीत असते. गेलेलं पाणी भरून निघालं नाही, तर संध्याकाळपर्यंत ती टिकेलच असं नाही.

म्हणून वऱ्हाडात पाखरांना अंगणात बोलवायचं तर सुरुवात पाण्यापासून होते. दाण्याचं नंतर पाहता येतं.

हे पाणी कसं ठेवायचं याचं एक शास्त्र आहे आणि ते रोजच्या पाहण्यातून तयार होतं. भांडं मातीचं आणि पसरट, म्हणजे परळ, हवं. मातीच्या परळातून पाणी झिरपतं, वाफ होतं आणि उरलेलं गार राहतं. स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा डबा उन्हात इतका तापतो की त्यातल्या पाण्याला पाखरू चोच लावत नाही. शिवाय गुळगुळीत काठावर त्याचे पाय ठरत नाहीत. खोली एका कडेला बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नसावी आणि मध्ये एखादा खडबडीत दगड असावा, म्हणजे लहानशी मुनियासुद्धा न भिता उतरते. दुसऱ्या कडेला पाणी जरा खोल असलं तर होल्यांची सोय होते. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो गळ्यात उतरवतात. होले आणि कबुतरं मात्र चोच बुडवून, मान न उचलता सलग पाणी ओढतात. परळाच्या काठाशी घटकाभर बसलं तर हा फरक डोळ्यांनी दिसतो.

जागा सावलीतली हवी, पण झुडपाला अगदी लागून नको. मांजर दबा धरते ती झुडपातच. पाण्यापासून पाच-सात हातांवर एखादी फांदी असली की पाखरू आधी तिथे बसून अंदाज घेतं आणि मग खाली येतं. ज्यांच्याकडे जुना माठ पडून आहे त्यांनी त्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडावं, त्यात कापसाची वात घट्ट बसवावी आणि तो परळाच्या वर टांगावा. थेंब पडत राहतो. स्थिर पाण्यापेक्षा हलणारं, ठिबकणारं पाणी पाखरांना लांबून कळतं. शिंजीर, शिंपी, नाचण यांना पिण्यापुरतं पाणी बरंचसं मधातून आणि किड्यांतून मिळतं. दाण्यासाठी ते कधी येणार नाहीत, पण अंघोळीसाठी अशा ठिबकत्या पाण्यावर येतात.

पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं. समुद्रपक्ष्यांना जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते. चिमणी-बुलबुलासारख्या अंगणातल्या पाखरांना ती नसते. त्यामुळे दर्यापूरकडच्या गावात बोअरचं पाणी परळात ओतून भागत नाही, पिण्याच्या माठातलंच थोडं द्यावं लागतं. नळ रोज येत नसलेल्या घरात पाखरांसाठी पाणी वेगळं काढणं म्हणजे पदरमोड आहे, हे खरं. पण परळाला लिटर-दीड लिटर पुरतं, आणि सकाळी टाकून द्यायचं शिळं पाणी तुळशीला किंवा कढीपत्त्याला घालता येतं.

पाणी रोज बदलायचं आणि परळ रोज घासायचं. इथे कंटाळा करणाऱ्याने हा नाद सुरूच करू नये, इतकं हे महत्त्वाचं आहे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर पडून उडायला लागतो. पाखरांचं स्वतःचं दुखणंही याच वाटेने पसरतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या रोगाने ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या खूप घटली. हा परजीवी लाळेतून खाण्यात आणि पाण्यात उतरतो, आणि होले-कबुतरं त्याची जुनी वाहक आहेत. पाखरं एकत्र येऊन खातात त्या सपाट ताटांवरून संसर्ग वाढतो म्हणून तिथल्या आरएसपीबी या मोठ्या पक्षिसंरक्षण संस्थेने २०२५ मध्ये अशा ताटांची विक्री थांबवली. बागेत पाखरांना खाऊ घालण्याची एवढी जुनी सवय असलेल्या देशातली ही गोष्ट आहे. आपल्याकडे ती आजच लक्षात घ्यायला हवी.

वऱ्हाडाला हा धडा परका वाटू नये. गाडगेबाबा याच मातीतले. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मले आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगावला त्यांनी देह ठेवला. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि पशुपक्ष्यांना अभय या गोष्टी त्यांनी देवपूजेच्या जागी ठेवल्या. त्यांच्या हातात आयुष्यभर खराटा होता. पाणपोई घालणं आणि तिच्या भोवतीचा चिखल काढणं ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामं नव्हती. परळ घासताना राख, नारळाची शेंडी आणि मग दिवसभराचं कडक ऊन एवढं पुरतं. दोन परळं आलटून पालटून वापरली की एक वाळतं, एक चालू राहतं.

आता दाणा.

गच्चीवर मूठमूठ धान्य फेकणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट मार्ग. आठवड्याभरात तिथे कबुतरं येतात, महिन्याभरात त्यांचीच सत्ता होते आणि चिमण्या कडेला सरतात. मुंबईत हे प्रकरण कुठवर गेलं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचा प्रश्न पुढे आला, २०२५ च्या जुलैत शासनाने कबुतरखाने बंद करायला सांगितले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि वाद उच्च न्यायालयात पोचला. अमरावतीच्या अपार्टमेंटांच्या डक्टमध्येही कबुतरं घुमू लागली आहेत. जो दाणा चिमणीसाठी म्हणून टाकला, तो बहुतेक वेळा त्यांनीच खाल्लेला असतो.

यावरचा उपाय वऱ्हाडातल्या जुन्या घरांत आधीपासून होता. ज्वारी निघाली की चार-सहा भरली कणसं दोरीने बांधून ओसरीच्या आढ्याला किंवा दारावर टांगायची. कणीस हलतं, त्यावर टेकायला जागा नसते. चिमणी देठाला पाय रुतवून लटकते, कधी उलटी होते आणि दाणा उपसते. मुनिया तर गवताच्या काडीवर झुलत बी टिपणारी. तिला कणीस म्हणजे घरचाच झोपाळा. कबुतराचं वजन आणि पाय या कामाचे नाहीत, त्याला तिथे तोल सांभाळता येत नाही. ताटावर जशी सगळ्यांची लाळ आणि विष्ठा मिसळते तशी टांगलेल्या कणसावर मिसळत नाही. खाली पडलेला दाणा होले टिपून नेतात. बाजारात मिळणाऱ्या दाणेपात्रांपेक्षा हे साधन सोपं आहे, आणि ते संपलं की खताच्या खड्ड्यात जातं.

कणीस नसेल तर ज्वारी, बाजरी, राळा, तांदळाची कणी चालते. दिवसाला मूठभर, सकाळी ठेवायची आणि दुपारपर्यंत संपेल इतकीच. चिवडा, शेव, तिखटमिठाची शिळी पोळी नको. बुरशी आलेले शेंगदाणे तर विषच. आणि वऱ्हाडात मुद्दाम सांगायची गोष्ट वेगळीच आहे: पेरणीनंतर पिशवीत उरलेलं, लाल-गुलाबी रंग चढवलेलं बियाणं कधीही पाखरांपुढे टाकू नये. त्या रंगाखाली कीटकनाशकाचं आणि बुरशीनाशकाचं पुट असतं. धुऊनही ते खाण्याजोगं होत नाही. शेतकऱ्याच्या घरात असं अर्धा किलो बियाणं कोपऱ्यात पडून असतं, आणि वाया जाऊ नये या चांगल्या भावनेनेच कुणीतरी ते अंगणात टाकतं.

फळ खाणाऱ्यांसाठी पिकलेल्या पपईची फोड किंवा केळं फांदीच्या बेचक्यात अडकवलं की बुलबुल येतोच, पाठोपाठ कोकिळा आणि तांबट. ही फोड संध्याकाळी काढून टाकायची, नाहीतर रात्री मुंग्या आणि घुशी तिच्यावर येतात.

तरीही दाणा आणि फळ मिळून अंगणातल्या पाखरांचं अर्धंच पोट भरतं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना पहिले काही दिवस मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. त्यांची वाढ प्रथिनांवर होते, ज्वारीवर होत नाही. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलामी यांनी सांगितलेला आकडा यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे: चिकडी नावाच्या तिथल्या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एका खेपेची पिल्लं उडती करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, वॉशिंग्टन परिसरातल्या बागांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की जिथे परदेशी शोभेची झाडं फार झाली तिथे हे पक्षी आपली संख्या टिकवू शकत नव्हते. देशी अळ्या बहुतांशी देशी झाडांवरच वाढतात.

हा हिशोब अमरावतीच्या घरामागच्या सांदवाडीला तसाच लागू पडतो. फरशी घातलेल्या अंगणात दोन कुंड्या क्रोटनच्या आणि एक शोभेचा पाम असेल, तर कितीही पाणी ठेवा, पाखरू येईल, पिईल आणि उडून जाईल. त्याच जागी शेवगा, कढीपत्ता, लिंबू असले की चित्र पालटतं. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि शिंपी त्या शोधत दिवसभर पानांत फिरतो. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात. निंबोळ्या पिकल्या की बुलबुल, साळुंक्या, कावळे आपोआप गोळा होतात. कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग न जाळता राहू दिला, तर सातभाई तो उलटापालटा करून किडे शोधतात, दयाळ टिपायला उतरतो. आणि या सगळ्यावर फवारा मारायचा नाही. कढीपत्त्याची चार पानं कुरतडली गेली म्हणजे कुणाचं तरी पिल्लू जगलं, असं धरायचं.

हिवाळ्यात तर दाण्याला मुळीच न भुलणारे पाहुणे येतात. थिरथिरा नोव्हेंबरच्या आसपास दिसू लागतो: काळपट अंग, तांबूस शेपटी आणि ती शेपटी थरथरवण्याची अखंड सवय. त्याला हवी असते मोकळी, भुसभुशीत माती आणि तिच्यातले किडे. धोबी ओलसर जागेत शेपटी हलवत फिरतो. ज्या अंगणात माती उरलेली आहे त्याच अंगणात हे उतरतात.

चिमण्या नाहीशा झाल्या ही हळहळ सगळीकडे ऐकू येते. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने याला थोडी शिस्त लावली: देशभरात चिमणीची संख्या सुमारे २५ वर्षं साधारण स्थिर आहे, घट दिसते ती महानगरांत. म्हणजे वऱ्हाडातल्या गावांत आणि लहान शहरांत अजून तिला सांभाळून ठेवता येण्याजोगं पुष्कळ आहे. तिची अडचण घराची. कवेलूच्या छपरात, धाब्याच्या सऱ्यांच्या खाचांत तिला जागा होती. स्लॅबच्या घरात ती जागा गेली. लाकडी घरटं लावायचं तर भोक सव्वा इंचाचं ठेवावं, त्याहून मोठं झालं की साळुंकी शिरते. लावायचं पूर्वेला किंवा उत्तरेला, पाण्याने न भिजणाऱ्या पडवीखाली. पश्चिमेच्या भिंतीवरचं घरटं एप्रिलच्या तिसऱ्या प्रहरी भट्टीसारखं तापतं आणि आतली पिल्लं होरपळतात.

आता पुन्हा ज्वारीचं. टांगायला कणीस मिळणंच अवघड होत चाललं आहे. कापसासोबत वऱ्हाडाची ओळख असलेली खरिपाची ज्वारी सोयाबीनपुढे मागे हटली. मजुरी, भाव, गुरं कमी झाल्यामुळे कडब्याची घटलेली गरज ही कारणं आहेतच, पण एक कारण खुद्द पाखरांशी जोडलेलं आहे. गावात सगळ्यांच्याच वावरात ज्वारी उभी होती तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जाई. कोणी मचाणावरून गोफण फिरवी, तरी घरच्या दारात कणीस टांगायला त्याचा हात आखडत नसे. आता चार गावांत एकाचीच ज्वारी असेल तर भोरड्यांचे थवे, पोपट, चिमण्या सगळे त्याच्याच वावरावर उतरतात. तो पुढल्या वर्षी ज्वारी सोडतो, आणि उरलेल्या एकट्यावरचा भार आणखी वाढतो.

इथे शहरातल्या माणसाला करता येण्याजोगं काही आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर; २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. खरिपाची ज्वारी सोंगून खळ्यावर येण्याचे दिवसही साधारण हेच. त्या आठवड्यात अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावावर पाखरं पाहायला जाणाऱ्यांनी ज्वारी पेरणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याकडून वर्षाची कणसं योग्य भावाने विकत घ्यावीत. चार दिवस कडक ऊन द्यावं, निंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळून पोत्यात ठेवावीत, पोतं उंदरांपासून उंच टांगावं. महिन्याला पाच-सहा कणसं या हिशोबाने एका घराला साठ-सत्तर पुरतात. एका कॉलनीतल्या पन्नास घरांनी पुढल्या वर्षासाठी अशी मागणी नोंदवली, तर पेरणीच्या आधीच त्या शेतकऱ्याला तीन-साडेतीन हजार कणसांचं गिऱ्हाईक ठरलेलं असेल, आणि पाखरांनी खाल्लेल्या ओळींचा तोटा त्याच्या एकट्याच्या माथी बसणार नाही.