नायगावची फटफटी

नायगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. साताऱ्याकडच्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. दुसरे नायगाव पश्चिम रेल्वेवर, भाईंदरची खाडी ओलांडली की लागते. मुंबईतला पत्ता शोधणारा एखादा पाहुणा चुकून तिथे उतरतो आणि उलटी गाडी धरून दादरला येतो. मी सांगणार आहे ते नायगाव दादरच्या पूर्वेचे. त्याला स्वतःचे स्टेशन नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडलेलेही नाही.

दादर स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की खोदादाद सर्कल लागते. लोक त्याला अजून ‘दादर टी. टी.’ म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि थांबली ती थांबलीच. नाव मात्र रुळांशिवाय चालत राहिले आहे. इथून परळच्या बाजूला निघालो की नायगावची हद्द सुरू होते. आम्हा मराठीच्या मास्तरांचे नायगाव बहुधा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापाशी संपते. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था शारदा चित्रपटगृहाच्या शेजारी आहे. पुस्तक बदलावे, चहा घ्यावा आणि परत फिरावे, असा आमचा शिरस्ता.

परंतु त्याच्या पुढेही नायगाव आहे. पोलिसांचे मोठे मैदान आहे, जी. डी. आंबेकर मार्ग आहे, जिथे स्प्रिंग मिल होती तिथे आता उंच मनोरे आहेत, आणि बी. डी. डी. चाळी आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतल्या ४२ नायगावला. तळमजला आणि वर तीन मजले, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता काही चाळी पाडून तिथे उंच इमारती उठत आहेत आणि रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. एका वेळी धूळ आणि आशा दोन्ही उडताना पाहायची असतील, तर इथे यावे.

माझा एक जुना विद्यार्थी या चाळींत वाढला. तो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि पुष्कळदा रात्रपाळी असते. वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची बुलेट चाळीच्या अंगणात उभी असते. मद्रासला १९५५ साली एन्फिल्डचा कारखाना निघाला, आणि पुढे पोलीस व लष्कर यांच्यामुळे या गाडीला जो रुबाब आला तो अजून ओसरलेला नाही. हवालदारसाहेबांची गाडी सहा व्होल्टची होती, ती मागाहून बारा व्होल्टची करून घेतलेली. वर्षभरात तिने दोन बॅटऱ्या खाल्ल्या होत्या. रात्री अडीचला रुग्णालयाच्या दारात मुलगा किक मारून घामाघूम व्हायचा. या गाडीत ठिणगीसाठीही बॅटरीच लागते. घरात ठरले, की गाडी विकून टाकावी. नव्या इमारतीत तिला जागा मिळेल की नाही, हाही प्रश्न होताच. हवालदारसाहेब यावर काही बोलत नसत. ते फक्त रोज सकाळी फडके घेऊन खाली उतरत.

विकण्यापूर्वी एकदा मिस्त्रीला दाखवावी म्हणून ती गल्लीतल्या एका गॅरेजात नेली. मी त्या दिवशी ग्रंथसंग्रहालयात आलो होतो, तो विद्यार्थ्याबरोबर तिथवर गेलो. मिस्त्री साठीचे, बोलणे मोजके. ते म्हणाले, “तिसरी बॅटरी घेऊ नकोस. आधी मीटर लावू. दोष बॅटरीचा का दुसऱ्या कुणाचा, ते तरी कळेल.”

“पण गाडीला मीटर आहे की!” मुलगा म्हणाला. बुलेटच्या दिव्यावरच्या टोपात अँपिअरचा एक छोटा काटा असतो, तो त्याने दाखवला.

मिस्त्रींनी समोरच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीकडे बोट केले. “हा काटा नळ सांगतो. पाणी टाकीत येतंय का बाहेर चाललंय, एवढंच. टाकीत उरलंय किती, ते व्होल्टचा काटा सांगेल.” सार्वजनिक नळावर लहानपण काढलेल्या माणसाला याहून सोपा धडा कुणी देऊ शकला नसता.

व्होल्ट हे नाव १८०० साली पहिली विद्युतघटमाला जगापुढे मांडणाऱ्या इटलीच्या व्होल्टाचे. आपल्या गाड्यांतली शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये प्लाँते यांनी सिद्ध केली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि भरलेल्या प्रत्येक घराचा दाब दोन व्होल्टच्या किंचित वर असतो. म्हणून काही तास उभ्या असलेल्या गाडीवर काटा १२.६ च्या पुढे असला तर बॅटरी भरलेली समजावी, १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन वेगात असताना तोच काटा १३.८ ते १४.४ च्या आसपास गेला पाहिजे, म्हणजे बॅटरी भरते आहे. पंधराच्या वर चढू लागला तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरीतले पाणी उडू लागेल.

जोडणी अर्ध्या तासाची. लाल वायर किल्लीच्या स्विचनंतरच्या वायरीला, मध्ये छोटा फ्यूज. काळी वायर सांगाड्याला. सरळ बॅटरीला जोडली तर किल्ली काढल्यावरही मीटर थोडी थोडी वीज पीत राहतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की रखवालदारच चोर ठरतो. जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तेव्हा ते आधी पाहून घ्यावे. स्विच जुना असेल तर काटा खऱ्यापेक्षा थोडे कमी दाखवतो, म्हणून मिस्त्रींनी प्रथम हातातला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावून आकडा ताडून पाहिला. आकडे चमकणारा मीटर स्वस्त मिळतो; पण रात्री डोळ्यांत उजेड नको म्हणून त्यांनी काट्याचाच पसंत केला आणि पावसासाठी कडेने सिलिकॉन भरले.

मग गाडी सुरू केली. दिवा लावून संथ चालीवर काटा बाराच्या जवळ आला. सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या गाडीचे असे व्हायचेच, ते म्हणाले. त्यांनी इंजिन वाढवले. काटा १२.४ वर आला आणि तिथेच बसला. पुन्हा वाढवले; ढिम्म. “बॅटरी बिचारी उपाशी आहे,” ते म्हणाले, “आणि तुम्ही तिलाच बदलत बसलात.” सीटखालून एक जोड ओढून काढला, तर आतली पितळी टोके हिरवी पडलेली. मुंबईचे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारी हवा. वेगळे कारण शोधायला नको. टोके घासली, एक नवे बसवले, आणि या वेळी काटा सावकाश चढत १४ वर जाऊन उभा राहिला. हवालदारसाहेब स्टुलावरून उठून मीटरपाशी आले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहू लागले.

मला त्या काट्याचे मोठेपण यात वाटले, की त्याने काहीही दुरुस्त केले नाही. त्याने फक्त आळ उठवला. जुनी वस्तू बंद पडली की ‘जुनीच ती’ म्हणून आपण मोकळे होतो. कमी पडते आहे ती वस्तू की तिला मिळणारा पुरवठा, हे मोजून पाहत नाही. नव्या घराची वाट पाहणाऱ्या या वस्तीत तर टाकणे आणि ठेवणे यांची यादी रोज होते आहे. त्या यादीत चुकीच्या कारणासाठी काही जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात असते.

बुलेट विकायची की ठेवायची, हे नायगावच्या त्या घरात अजून ठरलेले नाही. पण आता ते ठरेल नव्या इमारतीतल्या जागेवरून आणि मुलाच्या सोयीवरून. बॅटरीवरून नक्कीच नाही.